ऑनलाइन दुकानांची पहिली सात वर्षं: पीएचडीला विषय पुरेल का?

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. पीएचडीची नोंदणी झाली आहे. गाइडनी विषय सुचवलाय, 'सुरुवातीच्या ऑनलाइन व्यापाराचा व्यवसाय-संशोधनावर व व्यवसायावर झालेला परिणाम'. स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात, १९९५ सालच्या वेबसाइटींवर आज कोण काम करतं? एआय घ्या, क्विक कॉमर्स घ्या. माझ्या दिरांचं पुस्तकांचं आणि स्टेशनरीचं दुकान आहे. ते विचारतात, यातून दुकानदाराच्या हाती काय पडणार? पुढच्या महिन्यात आरआरसीपुढे (संशोधनाचे विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे) सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, मांडायचाय. विषय बदलू का? (नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर:

विषय बदलू नका. शीर्षक मात्र बदला आणि व्याप्ती बरीच कमी करा. शीर्षकात 'परिणाम' राहिला की आरआरसीतले सदस्य पहिल्याच मिनिटाला विचारतील, कशाचा, कशावर, आणि मोजणार कसा? त्याचं उत्तर तयार नसेल तर पुढची वाट ठरलेलीच आहे. दीडशे ग्राहकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, लिकर्ट स्केल ('पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी मोजपट्टी) लावायचा, एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधून तक्ते काढायचे आणि 'ग्राहक ऑनलाइन खरेदीबाबत समाधानी आहेत' असा निष्कर्ष लिहायचा. असे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, भरपूर आहेत. तुमच्या गाइडनी सुचवलेल्या विषयात त्यापेक्षा फार मोलाचं काही आहे, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहिते आहे.

आधी तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं घेऊ. त्यांना वाटतं की हा विषय म्हणजे जुन्या वेबसाइटींचा इतिहास. इतिहासच लिहायचा असेल तर तो दोन पानांत उरकतो. ११ ऑगस्ट १९९४ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या नाशुआ इथल्या नेटमार्केट या छोट्या कंपनीने स्टिंग या गायकाची एक सीडी १२.४८ डॉलर अधिक टपालखर्चाला विकली. क्रेडिट कार्डाचा क्रमांक सांकेतिक रूपात इंटरनेटवरून गेला आणि दुसऱ्या दिवशी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याची बातमी केली. १९९५ च्या जुलैत सिएटलमध्ये अ‍ॅमेझॉन सुरू झालं, सप्टेंबरात कॅलिफोर्नियात 'ऑक्शनवेब' नावाने ईबे ही लिलावाची साइट. २००० साली शेअर बाजारातला इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला, २००१ पर्यंत बऱ्याच कंपन्या बुडाल्या. हे सगळं तुमच्या पहिल्या प्रकरणात येईल आणि तिथेच थांबेल.

खरा विषय याच्या पलीकडे आहे. त्या काळात काय होणार याचे अंदाज आधी छापून आले होते आणि निकाल नंतर लागले. अंदाज कुणाचा, कोणत्या वर्षीचा, कोणत्या तर्कावर उभा, हे सगळं नोंदलेलं आहे. १९६१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी मांडलं होतं की ग्राहकाला भाव शोधत हिंडायला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून एकाच वस्तूचे वेगवेगळे भाव टिकून राहतात. १९८७ मध्ये मॅलोन, येट्स आणि बेंजामिन यांनी लिहिलं की संगणकामुळे समन्वयाचा, म्हणजे पुरवठादार शोधून व्यवहार जुळवण्याचा, खर्च उतरेल आणि कंपनीच्या आत होणारी कामं जास्त प्रमाणात बाजारातून होऊ लागतील. १९९७ मध्ये यानिस बाकोस यांनी इलेक्ट्रॉनिक बाजारात शोधाचा खर्च घटल्यावर विक्रेत्याचा नफा कसा आक्रसतो याचं गणित मांडलं. आणि मग तो बाजार खरोखर उभा राहिला. सिद्धांत आधी आणि त्याची इतकी स्वच्छ कसोटी नंतर, अशी संधी व्यवसाय-संशोधनात क्वचित मिळते. तुमच्या प्रबंधाचा गाभा हाच असावा: काय होईल असं म्हटलं होतं, काय झालं, आणि जिथे अंदाज चुकला तिथे का चुकला.

भावांचं उदाहरण घ्या. पुस्तक आणि सीडी या वस्तू अभ्यासाला फार सोयीच्या, कारण पुस्तकावरचा आयएसबीएन क्रमांक तोच म्हणजे वस्तू तीच. भाव वेगळा दिसला तर 'माल वेगळा असेल' ही सबब उरत नाही. एमआयटीतले एरिक ब्रिन्योल्फसन आणि मायकेल स्मिथ यांनी फेब्रुवारी १९९८ ते मे १९९९ या काळात ४१ दुकानांतले, काही ऑनलाइन आणि काही रस्त्यावरच्या, साडेआठ हजारांहून जास्त भाव टिपले. ऑनलाइन भाव ९ ते १६ टक्के कमी निघाले, म्हणजे अंदाज इथवर बरोबर. पण सगळे भाव एका पातळीवर येतील ही अपेक्षा साफ फसली. एकाच पुस्तकाच्या भावात ऑनलाइन दुकानांमध्ये सरासरी ३३ टक्के फरक होता, सीडीत २५ टक्के. शोधायला एक क्लिक पुरत असतानाही! आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेत आली, ती दुकानदाराला लगेच पटेल. रस्त्यावरच्या दुकानात भाव बदलायचा तर लेबल नवं लावावं लागतं, म्हणून बदल मोठा असेल तरच केला जातो. ऑनलाइन दुकानं त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढाही बारीक बदल करत होती.

मग उरलेला फरक कशाचा? याच प्रश्नापाशी मी तुम्हाला थांबवू इच्छिते, कारण माझ्या मते तुमचा प्रबंध इथे आहे. ग्राहक पैसे फक्त पुस्तकाचे देत नव्हता. ज्याला कधी पाहिलं नाही तो विक्रेता माल पाठवील का, फाटका निघाला तर परत घेईल का, या धास्तीचीही किंमत त्यात होती. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवलं होतं की मालाची खरी अवस्था फक्त विकणाऱ्याला माहीत असेल तर चांगला माल बाजारातून निघून जातो. या तर्काने ईबे उभंच राहायला नको होतं. अनोळखी माणसं, न पाहिलेल्या वस्तू, पैसे आधी. तरी ते चाललं.

१९९६ च्या फेब्रुवारीत ईबेने खरेदीदार आणि विक्रेत्यांना एकमेकांबद्दल जाहीर शेरा लिहायची सोय दिली. पॉल रेझनिक आणि रिचर्ड झेकहाउझर या संशोधकांनी ईबेवरचे १९९९ मधले व्यवहार तपासले. निम्म्याहून जास्त खरेदीदारांनी शेरा लिहिला होता. त्यात त्यांचा स्वतःचा काही फायदा नव्हता, व्यवहार तर होऊन गेलेला. आणि त्यांतले ९९.१ टक्के शेरे चांगले! आता इतके सगळेच चांगले असतील तर त्या शेऱ्यांना किंमत काय, अशी शंका येते. ती त्यांनाही आली. म्हणून पुढे त्यांनी ईबेवर नाव कमावलेल्या एका जुन्या विक्रेत्याला सोबत घेऊन प्रयोग केला. वस्तू होती जुनी पोस्टकार्डं. सारख्या प्रतीच्या जोड्या लावल्या, एक भाग त्याच्या नेहमीच्या खात्यावरून विकायला ठेवला, दुसरा नव्याने उघडलेल्या, कुणाला ठाऊक नसलेल्या खात्यांवरून. माल तोच आणि पाठवणारा माणूसही तोच. ओळखीच्या खात्याला खरेदीदार ८.१ टक्के जास्त द्यायला तयार होते. याच मालिकेत त्यांनी हेही पाहिलं की नव्या विक्रेत्याच्या नावावर एकदोन वाईट शेरे असले तर काय होतं. भावावर काहीच फरक पडला नाही. ग्राहक नव्याला नवाच समजत होता, वाईट नवा आणि कोरा नवा यांत भेद करत नव्हता. पत नावाच्या गोष्टीला टक्क्यांत आकडा लावणारं हे काम मला फार आवडतं. आपल्याकडे बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या 'पेढीचं नाव' म्हणतात ते हेच, आणि ते मोजता येतं हे त्या वर्षांनी दाखवलं.

याला जोड म्हणून जपानचं ऑकनेट वाचा. १९८५ पासून तिथे जुन्या मोटारींचे लिलाव डीलर्ससाठी पडद्यावर होत होते. गाडी समोर नाही. कंपनीचा तपासनीस ती आधी पाहून १ ते १० मध्ये गुण देई आणि बोली त्यावर लागे. एच. जी. ली यांनी १९९८ मध्ये तपासलं तर तिथले भाव नेहमीच्या लिलावापेक्षा जास्त निघाले. इलेक्ट्रॉनिक बाजारात भाव उतरतात या ठाम समजाच्या अगदी उलट. कारण चांगल्या गाड्या तिथे येत होत्या, आणि त्या चांगल्या आहेत यावर खरेदीदाराचा भरवसा बसत होता.

मध्यस्थ नाहीसे होणार हा त्या काळातला सगळ्यात गाजलेला अंदाज. यावर थोडक्यात लिहा, कारण यावर आधीच खूप लिहून झालंय. दहा लाख पुस्तकांची यादी दाखवणाऱ्या सुरुवातीच्या अ‍ॅमेझॉनकडे स्वतःचा साठा नगण्य होता. ऑर्डर आली की माल इन्ग्रम आणि बेकर अँड टेलर या घाऊक विक्रेत्यांकडून यायचा. म्हणजे नवं दुकान जुन्या मध्यस्थाच्याच जिवावर उभं होतं. नंतर अ‍ॅमेझॉनने स्वतःची गोदामं बांधली आणि इतर विक्रेत्यांना आपल्याकडे जागा देत स्वतःच सर्वांत मोठा मध्यस्थ झाला. क्विक कॉमर्सचा आग्रह धरणाऱ्या सहकाऱ्यांना मात्र वेबव्हॅनची हकिकत जरूर सांगा. या किराणा कंपनीने अर्ध्या तासाच्या ठरलेल्या वेळेत घरपोच माल द्यायचं कबूल केलं आणि १९९९ मध्ये २६ गोदामांसाठी बेक्टेल या बांधकाम कंपनीशी सुमारे १ अब्ज डॉलरचा करार केला. जुलै २००१ मध्ये ती बंद पडली. त्याच काळात ब्रिटनमध्ये टेस्को आपल्या असलेल्या दुकानांच्या फळ्यांवरूनच माल उचलून पोचवत होती, आणि ती टिकली. आजच्या डार्क स्टोअरच्या, म्हणजे फक्त घरपोच ऑर्डरींसाठी चालणाऱ्या गोदामवजा दुकानांच्या, खर्चाचा वाद तेव्हाच्या वादाचा पुढचा भाग आहे. आधीचा भाग वाचल्याशिवाय त्यात पडणं मला धोक्याचं वाटतं.

आणखी एका कारणासाठी मी या वर्षांचा आग्रह धरते. तेव्हा संशोधक बाहेरून बघू शकत होता. पडद्यावर दिसणारा भाव सगळ्यांना एकच असायचा, तो टिपून घेतला की झालं. सप्टेंबर २००० मध्ये अ‍ॅमेझॉनने डीव्हीडींचे भाव वेगवेगळ्या ग्राहकांना वेगवेगळे दाखवून पाहिले. ग्राहकांच्या ध्यानात आलं, गहजब झाला, आणि कंपनीने ६,८९६ जणांना सरासरी ३.१० डॉलर परत केले. त्या प्रसंगापासून पुढचा बदल ओळखता येतो. प्रयोग करणारा आता कंपनीच्या आत बसला, माहितीही आतच राहू लागली. आज एखाद्या ॲपवरचा भाव तुमच्या फोनवर एक आणि शेजारणीच्या फोनवर दुसरा असू शकतो, सवलती तर हमखास वेगळ्या. सांगलीत बसून, एका प्राध्यापिकेच्या पगारात, त्या ॲपचा आतला हिशेब तुम्हाला कोण देणार? संशोधन कुणाच्या हातात राहिलं हा बदलच 'व्यवसाय-संशोधनावरचा परिणाम' या शब्दांचा माझ्या लेखी सर्वांत गंभीर अर्थ आहे. गाइडच्या मनात कदाचित हेच असेल, त्यांना विचारा.

आता भारताकडे आणि तुमच्या गावाकडे येऊ. आपल्याकडे व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी दूरसंचार कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. २००० मध्ये मुंबईत बाझी डॉट कॉम ही लिलावाची साइट निघाली, ती २००४ मध्ये ईबेने विकत घेतली. आयआरसीटीसीची ऑनलाइन तिकिटं ऑगस्ट २००२ मध्ये सुरू झाली, तेव्हा छापील तिकीट कुरिअरने घरी यायचं. पण भारतीय ग्राहकाची धास्ती शेऱ्यांनी पुरती गेली नाही. २०१० मध्ये फ्लिपकार्टने माल हातात पडल्यावर रोख द्यायची सोय केली आणि खरी गर्दी त्यानंतर झाली. विश्वासाचा प्रश्न तिकडे जाहीर शेऱ्यांनी सोडवला, इकडे दारात उभ्या राहिलेल्या डिलिव्हरीवाल्याने. ही तुलना तुमची स्वतःची होऊ शकते.

आणि सांगलीत राहून हळदीकडे पाठ का फिरवता? २००० पासून आयटीसी या कंपनीने मध्य प्रदेशात ई-चौपाल सुरू केले. गावात संगणक, त्यावर सोयाबीनचा भाव. अपराजिता गोयल यांनी २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात दाखवलं की चौपाल आल्यावर मंडयांतलाच सोयाबीनचा भाव १ ते ३ टक्क्यांनी वर गेला, कारण व्यापाऱ्यांना आता स्पर्धा होती. १४ एप्रिल २०१६ ला केंद्राने ई-नाम हा शेतमालाचा राष्ट्रीय ऑनलाइन बाजार सुरू केला, त्यात मालाची प्रत तपासून तो आकडा पडद्यावर देण्याची व्यवस्था आहे. ऑकनेटचा तपासनीस आठवतोय ना? हळदीचा खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग बघतो, हातात घेऊन वाळली किती हे पारखतो. त्याने प्रयोगशाळेतल्या आर्द्रतेच्या आणि कुरकुमिनच्या (हळदीला पिवळा रंग देणाऱ्या द्रव्याच्या) आकड्यावर बोली लावायची तर त्या आकड्यावर, आणि तो देणाऱ्यावर, त्याचा भरवसा बसायला हवा. बसतो का? नसेल तर आडत्याच्या शब्दाला अजून किती टक्के किंमत आहे? त्या वर्षांनी दिलेली मोजपट्टी इथे जशीच्या तशी लागू पडते. बाजार समितीत जा, सौदे पाहा, हळद हाताळणाऱ्या हमालांशी आणि दिवाणजींशीही बोला. फक्त पदाधिकाऱ्यांच्या मुलाखतींवर विसंबू नका.

तुमच्या दिरांचा प्रश्न मला रास्त वाटतो. त्यांना हे सांगा. ब्रिन्योल्फसन, यू हू आणि स्मिथ यांनी २००३ मध्ये हिशेब मांडला की २००० साली ऑनलाइन पुस्तक दुकानांमुळे ग्राहकाचा जो फायदा झाला, त्यात स्वस्ताईपेक्षा एरवी न मिळणारी पुस्तकं मिळण्याचा वाटा सात ते दहा पट मोठा होता. भावावरून ग्राहक गेला असं दुकानदाराला वाटतं, कारण तोच संवाद त्याच्या कानावर पडतो. 'नाही' ऐकून मुकाट्याने बाहेर पडलेला ग्राहक त्याच्या वहीत कधी येत नाही. म्हणून त्यांना गल्ल्याशेजारी एक साधी वही ठेवायला सांगा. मागितलं आणि नव्हतं, ते प्रत्येक पुस्तक तिथे लिहायचं: तारीख, नाव, ग्राहक थांबायला तयार होता का. जून-जुलैतल्या शालेय पुस्तकांच्या हंगामात ती भरणार नाही, सवड नसते. ऑगस्ट ते मार्च भरली तरी पुष्कळ. त्यातून त्यांना कळेल की पुण्याच्या वितरकाकडून आठवड्यातून एकदा मागवून देण्याची सोय केली तर किती गिऱ्हाईक टिकेल. प्रबंधात ती वही वापरायची झाली तर त्यांची लेखी परवानगी घ्या आणि घरचं दुकान आहे हे स्पष्ट नोंदवा.

साधनांबद्दल थोडं. १९९६ पासूनची वेबपानं इंटरनेट आर्काइव्हने साठवली आहेत आणि ऑक्टोबर २००१ पासून ती वेबॅक मशीनवर कुणालाही फुकट पाहता येतात. १९९८ मधल्या ऑनलाइन दुकानाचं पान, परतीचे नियम, टपालखर्च, पुष्कळ ठिकाणी भावसुद्धा तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतील, अधलीमधली पानं गहाळ असतील हे गृहीत धरून चला. अमेरिकी शेअर नियामकाच्या एडगर या संग्रहात अ‍ॅमेझॉन, ईबे, वेबव्हॅन यांचे वार्षिक अहवाल आणि शेअर विक्रीपूर्वीची निवेदनं आहेत. 'जोखीम' या शीर्षकाखाली त्या कंपन्यांनी त्या वेळी स्वतःच काय काय भीती लिहून ठेवली होती ते वाचाच. 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ इलेक्ट्रॉनिक कॉमर्स' १९९६ मध्ये निघालं, त्याचे पहिले काही खंड विद्यापीठाच्या ग्रंथालयामार्फत मिळवा. सारांश वाचून संदर्भ देऊ नका, पूर्ण लेख वाचा. अंदाज फसले ते बहुधा लेखकांनी गृहीत धरलेल्या अटींत, आणि त्या अटी सारांशात नसतात.

आरआरसीसाठी शीर्षक असं ठेवून बघा: 'न पाहिलेल्या मालाची पत: १९९४ ते २००१ मधील ऑनलाइन व्यापारविषयक गृहीतकांची सांगलीच्या हळद बाजारातील पडताळणी'. कुणी म्हणेल, पुस्तकं आणि हळद यांचा काय संबंध? तेव्हा ऑकनेट आणि ई-चौपाल हे दोन अभ्यास समोर ठेवा आणि तपासणीचा आकडा विरुद्ध हाताची पारख हा एकच प्रश्न असल्याचं सांगा. एआयबद्दल विचारलं तर एका वाक्यापेक्षा जास्त बोलू नका. सिनॉप्सिसमध्ये गृहीतकं तीनच असू द्या, आणि प्रत्येकासमोर ते कोणत्या नोंदींवरून तपासणार ते लिहा. बाजार समितीकडून सौद्यांच्या नोंदी मिळण्यासाठीचा अर्ज मात्र सिनॉप्सिसची वाट न पाहता याच आठवड्यात द्या, प्राचार्यांच्या पत्रासह. नोंदी हाती यायला वेळ लागतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी हळद आली की तिथे कुणालाही मान वर करायला फुरसत नसते.